उन्हाळ्याच्या तोंडावर हिमालयातला बर्फ : पांगरचुल्ला, सर पासला निघालेल्यांसाठी

रानवारा | सोमवार, रात्री १०.४०

परीक्षा आटोपत आल्या की आपल्याकडे हिमालयाच्या ट्रेकची बुकिंगं सुरू होतात. मुंबईत पारा पस्तिशीपार गेला की बर्फाचे फोटो जरा जास्तच खुणावतात. सध्या मला व्यनितून (खाजगी निरोपातून) आणि फोनवर तेच ते प्रश्न येतायत. एप्रिलमध्ये उत्तराखंडातलं पांगरचुल्ला शिखर जमेल का, मेमध्ये हिमाचलातल्या सर पास खिंडीत बर्फ किती असेल, मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे काटे) भाड्याने मिळतात का, जॅकेट कुठलं घेऊ. माथ्यावरून परत किती वाजता फिरायचं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. माझ्या मते या दिवसांतल्या बर्फाबद्दल सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तोच, म्हणून हा धागा काढला.

डिसेंबर-जानेवारीत मुख्य भीती थरांची असते. जुन्या बर्फावर नवा पडतो, दोघांची सांधेजोड नीट होत नाही, मधे साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात आणि मग एखाद्याच्या वजनाने वरचा अख्खा थर तडकून खाली येतो. हा धोका दिवसभर सारखाच राहतो. मार्चअखेरपासून मेपर्यंत मात्र एकच उतार पहाटे चारला भक्कम असतो आणि दुपारी एकला जीवघेणा.

ते असं होतं. रात्री आकाश निरभ्र असलं की बर्फ आपली उष्णता वर आकाशात सोडत राहतो आणि त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षाही थंड होतो. तंबूबाहेर थर्मामीटर शून्याच्या किंचित वर असला तरी वरचा थर गोठू शकतो तो यामुळेच. पहाटे त्यावर पाय टाकला की करकर आवाज येतो, बूट आत जात नाही. उन्हं आली की आधी ही खपली मऊ पडते. मग वितळलेलं पाणी दाण्यांमधून खाली झिरपायला लागतं आणि दाण्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे बर्फाचे सांधे सुटतात. ते पाणी खाली एखाद्या कडक थरावर किंवा गुळगुळीत खडकावर अडलं, तर वरचं सगळं ओझं ओल्या तळावर उभं राहतं. ओला बर्फ कोरड्यासारखा उधळत येत नाही, तुलनेने सावकाश येतो. पण तो भयंकर जड असतो, वाटेतलं झाड, दगड, माणूस सगळं ओढून नेतो, आणि थांबला की जागच्या जागी घट्ट बसतो.

ढगाळ रात्रीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण आपल्या लोकांना ती बरी वाटते. थंडी कमी वाजते, झोप छान लागते. पण ढगांनी उष्णता अडवली की बर्फ गोठतच नाही, आणि दुसरा दिवस सुरू होतो तो आदल्या दुपारच्या मऊ बर्फावरच. रात्री पाऊस झाला असेल तर आणखी वाईट. अशा सकाळी लवकर निघण्याने काहीच पदरात पडत नाही, कारण ज्यासाठी लवकर निघतो ती खपली तयारच झालेली नसते. तो दिवस तळावर बसून काढायचा.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे ताजा बर्फ. एप्रिल-मेमध्येही पश्चिमी प्रक्षोभ येतात आणि एका रात्रीत फूटभर बर्फ टाकून जातात. दुसऱ्या दिवशी आकाश निळंशार, सगळा चमू निघायला उतावीळ. हा ताजा थर पहिल्यांदा कडक उन्हात येतो त्याच दिवशी तो सुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. चोवीस तासांत ३० सेंटिमीटरच्या आसपास नवा बर्फ पडला असेल तर पुढचे एक-दोन दिवस तीव्र उतारांच्या वाटेला जाऊच नये.

वाटेत काय पाहायचं? पाय किती रुततो ते. घोट्याच्या खाली असेल तोवर ठीक, नडगीपर्यंत जायला लागला की त्या उतारावरची वेळ संपली. वरून बर्फाचे गोळे आपणहून घरंगळत येऊन मागे रेघा सोडायला लागले, की त्याच्याही आधी वळायचं. आणि चालताना पायाखालून धप्प असा दबका आवाज आला, आसपासचा बर्फ किंचित खाली बसल्यासारखा वाटला, तर आतला कच्चा थर कोसळलाय. तिथून आल्या पावली मागे.

आता आपल्या मुंबईकरांची खरी अडचण. आपण रजेच्या हिशेबाने डोंगरात जातो. शनिवारी हरिद्वारहून परतीची गाडी, सोमवारी ऑफिस, म्हणजे माथ्याचा दिवस गुरुवार, तो हलणार नाही. बर्फाला आपला गुरुवार माहीत नसतो. या मोसमात जाणाऱ्या प्रत्येक गटाने एक दिवस मोकळा ठेवलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तो परवडत नसेल तर बर्फाचा ट्रेक ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या सुक्या वाटेशी बदलून घ्यावा.

ज्यांनी उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंगला गिर्यारोहणाचे कोर्स केलेत त्यांनी भर घालावी. बाकीच्यांनी मनात येईल ते विचारावं.

नाळवाट | सोमवार, रात्री ११.१५

वाचनखूण साठवली. एकदम वेळेवर आलेला धागा.

तीव्र उतार म्हणजे नक्की किती? आपल्याला सह्याद्रीत नळीच्या वाटेने चढायची सवय, त्यामुळे बर्फाचा उतार समोर आला की तो किरकोळच वाटतो. नजरेने कोन कळत नाही, हा माझा कायमचा अनुभव आहे.

रानवारा | मंगळवार, सकाळी ७.०५

@नाळवाट, मोलाचा प्रश्न. थर सुटून येणारी हिमस्खलनं बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, त्यातही ३८ च्या आसपास सर्वाधिक. त्याहून उभ्या भिंतीवर बर्फ साठून राहत नाही, थोडा थोडा पडत राहतो. सपाटीकडे गेलात तर सहसा सुटत नाही.

आता हे ३० अंश कसे दिसतात? आपल्या सोसायटीचा जिना आठवा. सहा इंच उंच आणि दहा इंच रुंद पायरी असेल तर त्याचा उतार साधारण ३१ अंश भरतो. म्हणजे आपण रोज भाजीच्या पिशव्या घेऊन चढतो तेवढ्या उतारावर, बर्फ असेल तर, धोका सुरू झालेला असतो. म्हणून नजरेवर विसंबायचं नाही. ट्रेकिंग पोल उताराच्या दिशेने बर्फावर आडवा ठेवायचा, त्यावर फोन ठेवायचा आणि कोनमापक ॲपवर आकडा वाचायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जायच्या आधी इथेच सराव करा, सह्याद्रीत कुठेही चढताना अंदाज बांधायचा आणि मग मोजून पाहायचा. महिन्याभरात नजर बसते.

दुसरं, तुम्ही उभे आहात तिथला कोन पुरेसा नाही. वाट सपाट असेल, पण डोक्यावर ३५ अंशांची बर्फाची धार असेल तर ती तुमच्याच अंगावर येणार. नाळ हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून सांगते. आपल्याकडे नाळ ही चढायची वाट, वसंतातल्या हिमालयात नाळ म्हणजे दोन्ही बाजूंचा बर्फ गोळा होऊन खाली येण्याची वाट. छोटंसं हिमस्खलन मोकळ्या माळावर पायापर्यंत येईल, तेच नाळेच्या तळाशी दोन-तीन मीटर खोल साठेल. नाळ ओलांडावी लागली तर एकेकाने, न थांबता, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवत. तिथे फोटो नाहीत.

बोरिवलीकर | मंगळवार, सकाळी ९.३०

माहिती चांगली आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास इथे दर हिवाळ्यात हजारो लोक जातात आणि सुखरूप परत येतात. त्यात शाळकरी मुलं असतात, साठीच्या आज्या असतात. असे धागे वाचून पहिल्यांदा निघालेला माणूस घाबरून बुकिंग रद्द करतो, घरचे तर परवानगीच देत नाहीत. आयोजक तिथेच राहतात, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. सगळं आपणच शिकून जायचं म्हटलं तर कोण जाणार?

भुईकोट | मंगळवार, सकाळी ११.५०

बोरिवलीकर, तुमचा अर्धा मुद्दा मान्य. या लोकप्रिय वाटा लोकप्रिय झाल्या त्याचं एक कारणच हे की त्या बऱ्याचशा जंगलातून आणि रुंद सोंडांवरून जातात, अंगावर येणारे मोठे उतार टाळतात. तिथे जाणाऱ्याने झोप उडवून घ्यायची गरज नाही.

पण डोंगर लोकप्रियतेवर चालत नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नथू ला कडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर हिमस्खलन झालं, सात पर्यटक गेले. ती माणसं ट्रेकर नव्हती हो, गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेली कुटुंबं. वेळ दुपारच्या सुमाराची, महिना एप्रिलचा.

२८ फेब्रुवारी २०२५, बद्रीनाथजवळचं माणा. सीमा सडक संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन आलं, ५४ कामगार अडकले, ४६ वाचले, आठ गेले. त्याच्या आदल्या संध्याकाळीच चमोलीसह वरच्या जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचा इशारा निघाला होता.

आणि ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा २ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा प्रशिक्षण चमू हिमस्खलनात सापडला. २७ मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही. त्यात सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांच्या अंतराने एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही चढलेली मुलगी. तिथे प्रशिक्षक होते, दोर होते, वेळ सकाळची होती. तो मोसम वेगळा, पावसाळ्यानंतरचा, त्यामुळे धागाकर्तीच्या मुद्द्यात तो बसत नाही, पण "तिथल्यांना कळतं" एवढ्यावर आपण स्वतःला सोडून देऊ नये म्हणून लिहिलं. कळणाऱ्यांनाही सगळं कळत नाही.

रानवारा | मंगळवार, दुपारी १.२०

बोरिवलीकर, बुकिंग कुणी रद्द करावं असं मला अजिबात वाटत नाही. मी स्वतः दरवर्षी माणसं घेऊन जाते, त्यात पहिलटकरही असतात. केदारकंठ्याला डिसेंबरात निघालेल्याने आणि पांगरचुल्ल्याला एप्रिलअखेर निघालेल्याने वेगवेगळे प्रश्न विचारायचे आहेत, एवढंच माझं म्हणणं. पांगरचुल्ला साडेचार हजार मीटरच्या वर आहे, माथ्याचा दिवस खूप लांबलचक असतो आणि परतीचा बराचसा रस्ता उन्हं चढल्यावर पार करावा लागतो. तिथे मोठमोठ्या धोंड्यांचा पट्टाही आहे. दुपारी धोंड्यांमधला बर्फ पोकळ झालेला असतो आणि पाय थेट मांडीपर्यंत आत जातो. गुडघा मुरगळायला तेवढं पुरे, आणि मग त्या माणसाला उतरवताना अख्ख्या गटाची दुपार त्याच उतारावर जाते.

कळवा_लोकल | मंगळवार, रात्री ९.४५

मोकळ्या दिवसाबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

आमच्या गटाचा अनुभव लिहितो. आयोजकाचं नाव लिहीत नाही. कार्यक्रमपत्रिकेत माथ्यासाठी पहाटे तीनला निघणार असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात आदल्या रात्री सांगितलं, गट मोठा आहे, नाश्ता करून निघू, साडेपाच. निघेपर्यंत सहा वाजून गेले. माथ्याखालची शेवटची चढण लागली तेव्हा साडेदहा वाजले होते, बूट नडगीपर्यंत रुतत होता. आमच्यातल्या दोघींनी वळूया म्हटलं. म्होरक्याने वाटाड्याकडे पाहिलं. वाटाड्या स्थानिक, पन्नाशीचा माणूस, काही बोलला नाही, फक्त काठी बर्फात खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. त्याने ती वर काढली आणि पाठ फिरवून उतरायला लागला. आम्ही सगळे त्याच्या मागे. माथा राहिला. पंधरा-वीस मिनिटांनी, आम्ही सोंडेवर पोचल्यावर, समोरच्या पूर्वेकडच्या उतारावरून एक पट्टा सुटला. फार मोठा नव्हता, पण आवाज बराच वेळ येत राहिला. आमच्या वाटेवर तो आला नसता, मान्य. पण उतार त्याच तोंडाचा होता.

त्या वाटाड्याचं ऐकायची गटाला सवय असती तर आम्ही आणखी तासभर आधी वळलो असतो. एक विनंती, पहिल्या दिवसापासून स्थानिक माणसाशी बोला, त्याच्याबरोबर चहा प्या. मुंबईहून आलेल्या म्होरक्यापेक्षा त्याने तो उतार जास्त वेळा पाहिलेला असतो, पण गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून तो आपणहून बोलत नाही.

लेकीचा_बाबा | बुधवार, सकाळी ८.१०

मी ट्रेकर नाही. लेक रुपारेलमध्ये आहे, मेमध्ये मैत्रिणींबरोबर सर पासला निघाली आहे. कसोलहून सुरुवात आहे एवढंच मला कळलं. हा धागा काल रात्री दोनदा वाचला. तिला अडवायचं नाही, तिने वर्षभर पैसे साठवलेत. आयोजकाला फोन करून मी नक्की काय विचारू? मला यातली भाषा येत नाही, ते काहीतरी सांगतील आणि मी हो म्हणेन.

रानवारा | बुधवार, सकाळी ८.५५

काका, तुम्ही विचारताय हेच फार बरं झालं. भाषेची अडचण नको, साध्या मराठी-हिंदीत विचारा.

खिंड ओलांडायच्या दिवशी नगारूच्या तळावरून किती वाजता निघता? उत्तर पहाटे तीन-चारच्या आसपास यायला हवं. मग विचारा, किती वाजेपर्यंत खिंड गाठली नाही तर परत फिरता? इथे समोरच्याने घड्याळातली वेळ सांगितली पाहिजे. "परिस्थिती पाहून ठरवू" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आदल्या रात्री पाऊस किंवा बर्फ झाला तर काय करता, एक दिवस थांबायची सोय आहे का, हे विचारा. एका वाटाड्यामागे किती मुलं असतात? आणि मुलांचा विमा आहे का, त्यात बर्फातली सुटका येते का?

सर पासवरून बिस्करीच्या तळाकडे उतरताना बसून घसरत जायची पद्धत आहे, मुलांचा तो सगळ्यात लाडका भाग. वाटाड्याने आखलेल्या घसरगुंडीवरूनच, एका वेळी एकच, पायातले स्पाइक काढून, आणि खाली माणूस उभा असेल तरच, एवढं लेकीला सांगून ठेवा. स्पाइक तसेच ठेवून घसरलं की ते बर्फात अडकतात आणि घोटा मोडतो. बाजूला स्वतःची नवी घसरगुंडी काढायला जाऊ नये. खाली काय आहे ते वरून दिसत नाही.

तिला मला व्यनि करायला सांगा, बोलेन मी तिच्याशी.

परळची_डॉक्टर | बुधवार, रात्री १०.३०

अतिदक्षता विभागात काम करते, ट्रेकही करते, म्हणून वैद्यकीय बाजू लिहिते.

बर्फाखाली गाडलेल्यांपैकी बहुतेक जण गुदमरून जातात. काही जण खडकावर, झाडावर आपटल्याने. निव्वळ थंडीने जाणारे फार थोडे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते आणि अर्ध्या तासानंतर फारच कमी उरते. ओला बर्फ घट्ट असतो, त्यातून हवा कमी मिळते, त्यामुळे या मोसमात हातात आणखी कमी वेळ असतो. याचा अर्थ सरळ आहे. हेलिकॉप्टर, लष्कर, राज्य आपत्ती दल, कुणीही कितीही धावत आलं तरी त्या पंधरा मिनिटांत पोचत नाही. शेजारी उभी असलेली माणसंच वाचवू शकतात.

लोक सियाचिनचं उदाहरण देतात. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर हिमस्खलन झालं, लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड ८ तारखेला जिवंत सापडले, सगळा देश प्रार्थना करत होता. ११ तारखेला दिल्लीत ते गेले. त्यांच्याबरोबरचे नऊ जण आधीच गेले होते. तो जवान विलक्षण होता, पण त्या उदाहरणावर कुणी आपली आशा बांधू नये.

कुणी सापडलं तर आधी डोकं आणि छाती मोकळी करा, पूर्ण शरीर उकरत बसू नका. तोंडातला, नाकातला बर्फ काढा. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, कारण इथे हृदय बंद पडण्याचं मूळ कारण हवा न मिळणं हे असतं. बराच वेळ गाडला गेलेला माणूस थंडगार असेल तर त्याला आडवा ठेवा, हिसके देऊ नका, उठवून चालवू नका. हातपाय चोळू नका. कोरडे कपडे, खाली मॅट, वरून स्लीपिंग बॅग.

आणि मुळात तुम्हीच हिमस्खलनात सापडलात तर? ओरडा म्हणजे बाकीच्यांचं लक्ष जाईल, बाजूला सरकायचा जीव तोडून प्रयत्न करा, आणि वेग कमी होतोय असं वाटलं की दोन्ही हात तोंडासमोर आणून थोडी पोकळी धरा. बर्फ थांबल्यावर बोटही हलवता येत नाही.

नाळवाट | गुरुवार, सकाळी ७.४०

डॉक्टर, धन्यवाद. मग ते बीकन नावाचं यंत्र आपण सगळ्यांनी घ्यावं का? परदेशी व्हिडिओंमध्ये प्रत्येकाच्या छातीला असतं. आपल्याकडच्या ट्रेकवर मी कधी पाहिलं नाही.

भुईकोट | गुरुवार, सकाळी १०.०५

मी गुलमर्गला स्कीइंगसाठी जातो तेव्हा वापरतो. बीकन म्हणजे ४५७ किलोहर्ट्झवर सतत ठोके पाठवणारं छोटं यंत्र. गाडल्या गेलेल्याचं पाठवत राहतं, वरचे आपापली यंत्रं शोधावर टाकतात. पण ते एकट्याने घेऊन काहीच उपयोग नाही. गटातल्या प्रत्येकाकडे हवं, सोबत लांब घडीची शोधकाठी आणि पत्र्याचं फावडं हवं. प्लास्टिकचं फावडं ओल्या बर्फात मोडतं. आणि सराव हवा. शोधकाठी लागली की ती काढायची नाही, ठेवायची, आणि उताराच्या खालच्या बाजूने खणत आत शिरायचं, सरळ डोक्यावर उभं राहून नाही. फोन बीकनपासून निदान २० सेंटिमीटर लांब, शोधताना अर्धा मीटर. खिशात एकत्र ठेवले की यंत्र गोंधळतं.

गुलमर्गला गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून आखलेल्या वाटेबाहेर जाणाऱ्याने याशिवाय जाऊच नये. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथल्या अफरवट डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. पांगरचुल्ला, सर पासच्या गटासाठी मात्र मी म्हणेन, बीकनचे पैसे त्या मोकळ्या दिवसावर खर्च करा. गाडलं गेल्यावर शोधण्यापेक्षा दुपारी तिथे नसणं स्वस्त पडतं.

सागवान | गुरुवार, दुपारी ३.३०

इशारे कुठे मिळतात? हवामान खात्याच्या अंदाजात हिमस्खलन नसतं ना?

भुईकोट | गुरुवार, दुपारी ४.१५

चंडीगडची संरक्षण भूमाहितीशास्त्र संशोधन संस्था, डीजीआरई, काढते. डीआरडीओची आहे, पूर्वी तिचं हे काम मनालीची सासे संस्था करायची. जिल्हावार आणि उंचीनुसार धोका एक ते पाचमध्ये सांगतात. तीन म्हणजे बऱ्यापैकी धोका, आणि लोक नेमके तिथेच चुकतात, पाचपैकी तीन म्हणजे मधलं, ठीकच आहे म्हणून. तीनला माणसाच्या वजनाने उतार सुटू शकतो. मी तीनला ३० अंशांच्या वर पाय ठेवत नाही आणि अशा उताराखालीही रेंगाळत नाही. स्थानिक हिंदी वर्तमानपत्रांत आणि जिल्हा प्रशासनाकडून हे इशारे येतात. जोशीमठ, मनालीला पोचल्यावर विचारा.

चाफेकळी | शुक्रवार, रात्री ११.००

जूनमधल्या मनालीजवळच्या हम्प्ता खिंडीचं काय? तेव्हा तर बर्फ संपत आलेला असतो, तर धोकाही संपला का?

रानवारा | शनिवार, सकाळी ६.५०

चाफेकळी, मोठे उतार मोकळे होतात पण बर्फाचे पूल उरतात. ओढ्यावर साठलेला बर्फ खालून पाण्याने पोखरला जातो, वरून पांढरा, भक्कम दिसतो. दुपारी पाणी वाढतं, वरचा थर मऊ होतो, आणि तो खचतो. खाली खळाळता ओढा. मधे खोलगट दिसणारा, राखाडी-निळसर झालेला किंवा कडेला फट पडलेला पूल ओलांडायचा नाही. पहाटे, एकेकाने, सॅकचा कंबरपट्टा सोडून. आवाज ऐका, खालून पाण्याचा आवाज जिथे मोठा तिथे बर्फ पातळ. धोंड्यांच्या कडेनेही असाच पोकळ खड्डा असतो, ऊन लागून दगड तापतो आणि भोवतालचा बर्फ आतून वितळतो. बसायला तोच दगड छान दिसतो, तिथे पाय टाकण्याआधी काठीने ठोकून बघा.

लेकीचा_बाबा | रविवार, दुपारी १२.२०

आयोजकांना फोन केला. निघायची वेळ साडेतीन म्हणाले. परत फिरायची वेळ आधी सांगेनात, मी तसाच फोन धरून राहिलो, मग त्यांनी तिथल्या प्रमुखाला जोडून दिलं. तो मुलगा फार व्यवस्थित बोलला, नऊ वाजता खिंड नसेल तर माघार. मोकळा दिवस कार्यक्रमात नाही म्हणाला, पण हवामान बिघडलं तर खालच्या तळावर थांबवतो. लेकीचं परतीचं तिकीट मी दोन दिवसांनी पुढचं काढलं. पहिलं रद्द केलं. ती म्हणते बाबा उगीच, पण तिकीट घेतलं तिने.

एकच शंका राहिली. पहाटे साडेतीनला बर्फ कडक असतो असं तुम्ही लिहिलंत. कडक म्हणजे निसरडा ना? मग मुली घसरणार नाहीत का?

रानवारा | रविवार, दुपारी २.१०

काका, अगदी बरोबर ओळखलंत. पहाटेची खपली धरते तशी घसरवतेही. कडक बर्फावर पाय सुटला तर आपोआप थांबायला होत नाही, उतार संपेपर्यंत माणूस जातो. म्हणून मायक्रोस्पाइक तळावरच चढवायचे, निसरडं लागल्यावर तिथे उभं राहून नाही. आडवं जायची वाट असेल तर वाटाड्याने कुदळीने पायऱ्या पाडल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि त्या पायरीत पूर्ण पाऊल ठेवायचं, नुसता चवडा नाही. काठी चढाच्या बाजूच्या हातात. तिच्या बुटांचे तळवे झिजलेले असतील तर आत्ताच बदला, आणि नवे घेतले तर निघायच्या आधी महिनाभर वापरू द्या, शिवाजी पार्कला फेऱ्या मारल्या तरी चालतील. उन्हाचा चष्मा तिचा स्वतःचा, कडेने बंद असलेला. ताजा बर्फ जवळपास सगळं ऊन परत फेकतो, एका सकाळीत डोळे भाजतात, आणि डोळे चुरचुरणारी मुलगी पाऊल नीट टाकू शकत नाही.

पाऊल घसरलंच तर लगेच पोटावर वळायचं, कोपरं आणि बुटांची टोकं बर्फात रुतवायची. पायात स्पाइक असतील तर टोकांऐवजी गुडघे, पाय वर. हे वाचून येत नाही. पहिल्या बर्फावर पोचल्यावर खाली मोकळं मैदान असलेल्या छोट्या उतारावर वाटाड्याकडून तीन-चारदा करून घ्यायला सांगा तिला. बहुतेक ठिकाणी मागितलं की शिकवतात.